लोटार मिस्त्रीची एकाहत्तर शहरं

लोटार पेत्सोल्डने नऊ वर्षांत बायकोला सत्तर जुनी शहरं दाखवली आणि स्वतः त्यातलं एकही पाहिलं नाही. म्हणजे आत पाऊल टाकून पाहिलं नाही. शहराबाहेर, नदीकाठी नाहीतर जुन्या गुरांच्या बाजाराच्या मैदानात जिथे घरगाड्यांचा तळ असेल तिथे तो गाडी लावायचा, चाकांखाली पाचरी सारून ती समतल करायचा, विजेची तार जोडायचा, घडीची खुर्ची उघडायचा आणि बसायचा. त्याची बायको रोसविता पाण्याची बाटली आणि छत्री घेऊन शहरात जायची, ती चार वाजता कॉफीच्या वेळेला परत. मीही तिच्याबरोबर जायचे. माझी गाडी लहान, एकटीपुरती. ती नेहमी त्यांच्या गाडीच्या मागून.

मी हायड्रुन. त्सिटाऊमध्ये आम्ही एकाच इमारतीत राहतो, ते चौथ्या मजल्यावर, मी दुसऱ्या. एकतीस वर्षं मी गावात टपाल वाटलं. कोणाच्या घरात काय चाललंय ते मला न विचारता कळतं, आणि कळलं की गप्प बसवत नाही. हा माझा दोष आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी काढायला नको.

लोटार छपरं घालणारा मिस्त्री. पंधराव्या वर्षी शिडीवर चढला तो गुडघे गेले तेव्हाच उतरला, चव्वेचाळीस वर्षांनी. जुन्या राजवटीत छपरावर कौलांसारखा बसवायचा पाटीचा दगड मिळायचा नाही, खिळेसुद्धा मिळायचे नाहीत. पडक्या घरांवरच्या पाट्या काढून त्याने चर्चची छपरं दुरुस्त केली. "एका म्हातारीचे दात काढून दुसरीला बसवायचे," असं तो म्हणायचा. देशाचे दोन भाग करणारी भिंत पडल्यावर चांगला दगड आला, काम आलं, आणि आमच्या मुलखातल्या निम्म्या मनोऱ्यांवरून त्याचे हात फिरले.

त्याच्या टोळीत एक रीत होती. सकाळी परांचीवर चढण्याआधी शिडीच्या पायथ्याशी तो प्रत्येकाला विचारायचा, "ठीक?" ठीक असेल त्याने वर जायचं. ताप असो, चक्कर असो, आदल्या रात्रीची दारू असो, बायकोशी भांडण असो, त्याने "नाही" म्हणायचं आणि दिवसभर खाली बसून पाट्या निवडायच्या. "नाही" म्हणणाऱ्याला कोणी हसायचं नाही, त्याची मजुरीही कापायची नाही. पण "ठीक" म्हणून खोटं बोलला आणि वर सापडला, तर तो माणूस टोळीत पुन्हा दिसायचा नाही. लोटारने असा सख्खा मेहुणा हाकलला होता, रोसविताचा भाऊ. पुढे सहा वर्षं नाताळाला त्या घरून कोणी आलं नाही. रोसविता त्यावरून त्याला अजून बोलते, आणि तो अजून म्हणतो, "बरोबरच केलं."

अशा माणसाला शहराच्या आत काय आहे याचं काडीचं कौतुक नव्हतं.

"खालचं सगळं दर पन्नास वर्षांनी बदलतात," तो म्हणायचा. "दुकानं बदलतात, रंग बदलतात, राजे बदलतात. खरं शहर वर असतं."

"अरे, पण बाहेर बसून तुला काय दिसतं?" मी विचारायचे.

"जे तुला आत जाऊन दिसत नाही ते. तुम्ही बायका दारांच्या मुठी बघत फिरता."

हे मात्र खरं होतं. रोसविता आयुष्यभर टॉवेलच्या गिरणीत मागावर उभी होती, तिला हातात धरण्यासारख्या गोष्टी आवडतात. दारांच्या मुठी, विहिरींचे कठडे, कोरीव बाकं, जुन्या औषधांच्या दुकानांतल्या बरण्या. संध्याकाळी उकडलेले बटाटे, चक्का आणि जवसाचं तेल असं जेवण मांडलं की ती रस्त्यावरचं सांगायची आणि तो दुर्बीण मांडीवर ठेवून छपरांचं सांगायचा. कुठल्या मनोऱ्याची उत्तरेची बाजू नंतर घातलीय, कुठे काम करणारे दोन वेगवेगळे हात होते, कुठल्या नगरसभेने पैसे वाचवायला पत्रा ठोकलाय. रेगेन्सबुर्गला तर त्याने खुर्चीत बसल्या बसल्या सांगितलं की त्या मोठ्या घराच्या मागच्या छपरात पाणी मुरतंय, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही आत गेलो तर तिथे बादली ठेवलेली. दोघांचं ऐकलं की मला एक अख्खं शहर पाहिल्यासारखं वाटायचं. एकटीने बघितलं असतं तर निम्मंच राहिलं असतं, हे मी कबूल करते.

आता रस्त्यावरच्या दोन गोष्टी. घरगाडीवाल्यांची पद्धत अशी की समोरून दुसरी घरगाडी आली की हात वर करायचा. ओळख असो नसो, हात करायचाच. नाही केला तर माणूस नवखा नाहीतर भाड्याच्या गाडीतला. गेल्या वर्षभरात लोटारचा हात जरा जास्तच सैल सुटला होता. पावाच्या गाडीला हात, रुग्णवाहिकेला हात, एकदा तर प्रेत नेणाऱ्या गाडीला. मी मागून बघून एकटीच हसायचे. म्हटलं, म्हातारपणी माणूस मायाळू होतो.

दुसरी गोष्ट वॉकीटॉकीची. दोन गाड्यांत बोलायला आम्ही तो ठेवतो. त्यांचा रोसविताच्या मांडीवर असायचा आणि तिचा अंगठा बटणावरून हलायचा नाही, त्यामुळे तिची बडबड मला अखंड ऐकू यायची. "दिवा लाल बरं का लोटार, कसा टोमॅटोसारखा लाल. हां, झाला हिरवा. उजवीकडे सायकलवाली बघ, काय ते निळं जाकीट! साठची पाटी आली, साठ." मी आवाज बारीक करून गाणी लावायचे. लग्नाला पन्नास वर्षं झाली तरी हिला नवऱ्याशी एवढं बोलायला सुचतं कसं, याचं नवल वाटायचं, आणि खरं सांगायचं तर थोडा हेवाही. माझा नवरा होता तेव्हा आम्ही जेवताना पेपर वाचायचो.

तर मला हात दिसत होता, बडबड ऐकू येत होती, आणि कळत काहीच नव्हतं. एकतीस वर्षं टपाल वाटलेल्या बाईची ही अक्कल.

मागच्या सप्टेंबरात आम्ही गोस्लारला गेलो. एकाहत्तरावं शहर. हे लोटारने मुद्दाम राखून ठेवलं होतं, ताटातला गोड घास शेवटी खावा तसं. गोस्लार म्हणजे पाटीच्या दगडाचंच गाव. दगड शेजारच्या डोंगरातला, छपरं त्याची, भिंतींनासुद्धा त्याच पाट्यांचे अंगरखे. आमच्या जुन्या सीमेपासून हाकेच्या अंतरावर, पण पलीकडे. तरुणपणी लोटारने त्याची नुसती चित्रं पाहिली होती. तिथे शनिवार-रविवार काढायचे आणि सोमवारी ल्यूबेकला निघायचं, असा बेत होता.

शनिवारी दुपारी रोसविता आणि मी शहरातून परत आलो, येताना प्लमचा केक आणला. लोटार खुर्चीत, दुर्बीण डोळ्याला.

"डावा मनोरा बघितलात का?" तो म्हणाला. "काय काम आहे! ओळी बघा, खाली मोठ्या पाट्या, वर लहान लहान होत गेलेल्या. जुनी पद्धत. कडेची एक पाटी सुटलेली नाही. आता करतं का कोणी असं?"

मी सहज मान वर केली. डाव्या मनोऱ्याला पायापासून टोकापर्यंत परांची होती आणि परांचीवर राखाडी जाळी गुंडाळलेली होती. छपराचा नखाएवढा तुकडाही दिसत नव्हता. तासाभरापूर्वी आम्ही त्याच्या पायथ्याशी उभ्या राहून आलो होतो.

"कुठला मनोरा म्हणालास?"

"डावा. तुला डावं-उजवं कळतं ना पोस्टिणबाई? का पत्रं अशीच वाटलीस?"

"लोटार, मलई घे केकवर," रोसविता घाईने म्हणाली. मग तिने माझ्याकडे पाहिलं. तिची ती नजर बघितली आणि रुग्णवाहिकेला केलेला हात, लाल टोमॅटो, निळं जाकीट, सगळं माझ्या डोक्यात धडाधड आपापल्या जागी जाऊन बसलं.

तळावर भांडी घासायला एक शेड आहे. तिथे मी तिला गाठलं.

"कधीपासून?"

"हळू बोल."

"रोसविता, कधीपासून?"

"तीन वर्षं होतील," ती कप घासत म्हणाली. "डावा डोळा आधी गेला. उजव्याच्या मधोमध डाग आहे. डॉक्टर म्हणाले वाढत जाईल. कडेचं दिसतं त्याला. रस्ता दिसतो, गाड्या दिसतात."

"गाड्या दिसतात? प्रेताच्या गाडीला हात करतो तो!"

"मी असते ना शेजारी. मी सगळं सांगते."

"तुला गाडी चालवता येत नाही! ब्रेक कुठे असतो ते ठाऊक आहे का तुला?"

"मधला," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "हायड्रुन, चौथा मजला आहे आमचा. तो घरी बसला तर खिडकीतून समोरची इमारत बघत बसेल. सपाट छपराची. सहा महिन्यांत मरेल तो."

"आणि रस्त्यावर दुसऱ्या कोणाचं पोर मेलं तर?"

घासलेला कप तिने पुन्हा साबणात बुडवला. मला तिची कीव आली आणि तिला दोन थोबाडीत द्याव्यात असंही वाटलं. दोन्ही एकदम, आणि दोन्ही खरं. आमच्याकडे परवाना एकदा मिळाला की मरेपर्यंत चालतो, डोळे कोणी तपासत नाही. म्हणजे हे थांबवायला रोसविता, नाहीतर मी, नाहीतर अपघात, एवढेच उरले होते.

मी सरळ लोटारच्या खुर्चीपुढे जाऊन उभी राहिले.

"त्या मनोऱ्यावर जाळी आहे, लोटार. एक पाटी दिसत नाही."

त्याने दुर्बिणीची काच शर्टाला पुसली. मग म्हणाला, "दुर्बिणीची काच घाण झालीय."

"डोळे घाण झालेत."

"पोस्टिणबाई, पत्रं वाटायची असतात. दुसऱ्यांची उघडायची नसतात."

"सोमवारी तू चावी फिरवलीस तर मी पोलिसांना फोन करीन."

"कर."

"करीन. तुझ्या समोर करीन."

"नंबर रोसविताला विचार. मला काय, दिसत नाही ना," असं म्हणून त्याने दुर्बीण पुन्हा डोळ्याला लावली, त्याच मनोऱ्याकडे. असा हट्टी माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्या रात्री आम्ही तिघांनी एकमेकांना शुभ रात्रीसुद्धा म्हटलं नाही.

रविवारी सकाळी मी पाव घेऊन आले तर लोटार गाडीबाहेर उभा. अंगात धुतलेला शर्ट, त्यावर मिस्त्रींचं काळं मखमली जाकीट, दाढी केलेली.

"चला," तो म्हणाला. "जाळीच्या आत काय आहे ते हात लावून सांगतो. मग बोल म्हणावं पोस्टिणबाईला."

सप्टेंबरातल्या त्या एका रविवारी आमच्याकडे गावोगावच्या जुन्या वास्तूंची एरवी बंद असलेली दारं लोकांना उघडतात, तळघरं, घंटाघरं, चालू कामंसुद्धा. गोस्लारच्या त्या मनोऱ्याची परांची दुपारपर्यंत लोकांसाठी खुली होती. तळाच्या फलकावर तसं लिहिलेलं होतं, ते रोसविताने त्याला वाचून दाखवलं असणार.

अशा रीतीने लोटार पेत्सोल्ड नऊ वर्षांत पहिल्यांदा एका शहरात शिरला. रोसविताने त्याचा दंड धरला होता, पण बघणाऱ्याला वाटावं त्यानेच तिला धरलंय. गल्लीतल्या फरशा उंचसखल होत्या, तरी तो अडखळला नाही. उजवा हात घरांच्या भिंतींवरून फिरवत चालला होता. एका घरापाशी थांबला, बोटं मागे-पुढे केली.

"ही पाटी इथली नाही," तो म्हणाला. "बाहेरून आणलेली. स्वस्तातली."

पुढच्या घरापाशी म्हणाला, "ही इथली." मग बराच वेळ हात काढेना. घरातली बाई खिडकीतून बघायला लागली तेव्हा रोसविताने तिला सांगितलं, "काही नाही हो, मिस्त्री आहेत." ती बाई हसली आणि खिडकी तशीच उघडी ठेवून आत गेली.

मनोऱ्याच्या पायथ्याशी वीसेक माणसांची रांग होती. कामावरची मुख्य मिस्त्री एक चाळिशीची बाई होती, नाव आलर्स, हात लोटारच्या हातांसारखेच. ती एकेकाला हेल्मेट द्यायची आणि विचारायची, "चक्कर येते? हृदय ठीक? गुडघे? डोळे?" लोक गंमत करत उत्तरं देत होते. आमच्या पुढचा टक्कल पडलेला माणूस म्हणाला, "गुडघे आहेत, पण चालवायला बायको लागते," तशी ती म्हणाली, "मग बायकोला आधी वर पाठवा." सगळे हसले.

आमची पाळी आली. मी मनात ठरवून टाकलं होतं, हा "ठीक" म्हणाला की मी तिथेच सगळ्यांसमोर तोंड उघडणार. वीस माणसं असोत नाहीतर दोनशे.

आलर्सबाईने त्याचं जाकीट पाहिलं आणि तिचा चेहराच बदलला. "अरे वा, तुम्ही तर आपल्यातले!"

"चव्वेचाळीस वर्षं," लोटार म्हणाला.

"कुठले?"

"त्सिटाऊ."

"मग तुम्हाला मी काय विचारायचं, मिस्त्री? तुम्हीच मला विचारा," ती म्हणाली, आणि न विचारताच हेल्मेट त्याच्या हातात देऊन शिडीची साखळी काढली. "जा वर. मापं चुकली असतील तर शिव्या खाली आल्यावर द्या."

शिडी समोर होती. कोणी काही विचारलं नव्हतं, त्याला खोटंही बोलावं लागणार नव्हतं. रोसविताने माझा हात घट्ट धरला. आता कशाला विरोध करायचा तेच मला कळेना.

लोटारने शिडीला हात लावला, तसाच उभा राहिला, आणि वळला.

"विचारा," तो म्हणाला.

"काय?"

"सगळ्यांना विचारलंत ते. मला का सोडता? विचारा."

आलर्सबाई जरा गोंधळली. मग ताठ उभी राहिली. "चक्कर?"

"नाही."

"हृदय?"

"आहे. ठीक आहे."

"गुडघे?"

"वाईट. पण चढतील."

"डोळे?"

"नाहीत," लोटार म्हणाला.

तो पुढे म्हणाला, आणि हे तो तिला सांगत होता, आम्हाला नव्हे, "डावा गेला. उजव्याच्या मधोमध डाग आहे. तुमच्या तोंडाकडे बघितलं की तोंड दिसत नाही, बाजूला बघितलं तर जरासं दिसतं. तीन वर्षं झाली."

"मग वर नाही," आलर्सबाई म्हणाली. ना हसली, ना हळहळली. साखळी पुन्हा लावली. "खाली काम आहे. तो ढीग परवा आलाय, अजून निवडला नाही. हातोडी तिथेच आहे."

"बरं," लोटार म्हणाला आणि हेल्मेट तिला परत दिलं.

पाटीचा दगड निवडतात तो हातोडीने टकटक करून, आवाजावरून. चांगली पाटी भांड्यासारखी खणखणते, आत चीर असलेली बद्द वाजते. लोटार उपड्या पेटीवर बसला आणि एकेक पाटी उचलून वाजवायला लागला, चांगल्या उजवीकडे, फुटक्या डावीकडे. लोक वर जाऊन खाली आले, काहीजण त्याच्याभोवती उभे राहून बघत होते. त्यांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग आहे. रोसविता त्याच्या शेजारी जमिनीवरच बसली. मी मनात तयार केलेलं भाषण माझ्याजवळच राहिलं, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही.

तासाभराने त्याने हातोडी खाली ठेवली, खिशातून गाडीची चावी काढली आणि हात पुढे केला.

"पोस्टिणबाई, घे."

"ल्यूबेक राहू दे मग?"

"ल्यूबेक विटांचं आहे," तो म्हणाला. "घरी चल."

"लोटार, मी..." रोसविता म्हणायला लागली.

"तू गप्प बस. तुझ्या भावाला मी हाकलला होता याच्यासाठी," तो म्हणाला. "त्याने एकदाच केलं होतं. मी तीन वर्षं केलं."

माझी छोटी गाडी आम्ही गोस्लारच्या तळावरच ठेवली. नंतर आगगाडीने जाऊन मी ती घेऊन आले. सोमवारी सकाळी लोटारने पाचरी काढल्या, विजेची तार गुंडाळली, संडासाची टाकी रिकामी करून आणली, एरवीसारखंच. आणि मग सवयीने चालकाच्या दाराकडे गेला, हात लावला, आणि गाडीला वळसा घालून दुसऱ्या बाजूने चढला. रोसविता मागच्या बाकावर पट्टा लावून बसली.

सात मीटर लांबीची गाडी मी कधी चालवली नव्हती. पहिले वीस किलोमीटर मी उजव्या कडेला चिकटून चालवली. त्यात मागून सुरू झालं.

"पुढे चौक आहे. डावीकडून ट्रॅक्टर येतोय, पिवळा."

"रोसविता, मला दिसतंय."

"हो हो. माफ कर." दोन मिनिटं शांतता. "सत्तरची पाटी गेली, हायड्रुन."

"बघितली मी."

"माफ कर गं. तोंडातून आपोआप येतं."

हमरस्ता लागला तसं तिचं बोलणं कमी कमी होत गेलं. एक पूल सांगितला, एक वळण सांगितलं, मग अर्धंच वाक्य आलं, आणि मग काहीच नाही. लाइपझिग मागे पडलं. लोटार समोर बघत होता, काय बघत होता देव जाणे.

"गप्प का झाली ती?" त्याने विचारलं.

मी आरशात पाहिलं. "झोपलीय."

"नाही. गाडीत ती झोपत नाही. गाडीत तिला झोप येत नाही."

"आली आज."

त्याने पट्टा जरा सैल केला आणि अंग मागे वळवलं. रोसविता उजवीकडे बसली होती. त्याने मान डावीकडे वळवली, तिच्यापासून लांब, पार पलीकडच्या खिडकीकडे. तिच्याकडे सरळ बघितलं असतं तर ती त्याला दिसली नसती. तशी तिरकी मान धरून तो तिला बघत राहिला, मैलच्या मैल. मला रडू येत होतं आणि रस्ता तर बघायलाच हवा होता.

"हायड्रुन," तो हळूच म्हणाला, "तोंड उघडं आहे का तिचं?"

"आहे."

"मग खरंच झोपलीय," तो म्हणाला. "जरा हळू घे."

मी वेग सत्तरवर आणला. मागचे ट्रक भोंगे वाजवत होते, वाजवू दे म्हटलं.